गरोदरपणातील उलटीच्या गोळ्या आणि लोहाचे सलाईन : दुष्परिणामांसह एक अभिप्राय

गरोदरपणात मी घेतलेल्या तीन औषधांविषयी आणि ती ज्या माणसांच्या हातून माझ्यापर्यंत आली त्यांच्या सेवेविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. पहिले औषध म्हणजे उलट्या थांबवण्यासाठी सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइडची गोळी. दुसरे डॉक्सिलामिन आणि पिरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एकत्रित गोळी. आणि तिसरे शिरेतून सलाईनवाटे दिले जाणारे लोह, ज्याचे पूर्ण नाव फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असे लांबलचक आहे. तिन्ही औषधे कामाची आहेत आणि तिन्हींनी मला आपापल्या परीने त्रासही दिला. मात्र त्यांपैकी एकाच्या दुष्परिणामाने आमच्या घरादाराची पाचावर धारण बसली, तर दुसऱ्याचा दुष्परिणाम मी खाटेवर पडल्या पडल्या शांतपणे निभावून नेला. या फरकाचे कारण औषधांत कमी आणि ती देणाऱ्यांनी आधी काय सांगितले होते यात जास्त होते, त्यामुळे गुण देताना मी गोळीइतकाच विचार ती देणाऱ्यांचाही केला आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कोणी आपले चालू औषध परस्पर बंद करू नये.

मेटोक्लोप्रमाइडपासून सुरुवात करते. तिसरा महिना लागेपर्यंत माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हते, फोडणीचा वास आला तरी मळमळून येत असे आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली होती. डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी अर्धा तास, अशी लिहून दिली. गुण लगेच आला, हे मान्य केलेच पाहिजे. पहिल्याच दिवशी दुपारी मऊ भात आणि ताक पोटात राहिले. हे औषध दोन बाजूंनी काम करते. मेंदूत उलटीची सूचना जिथून निघते तिथे ते डोपामिन या द्रव्याची वाट अडवते, आणि जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून त्याची हालचालही वाढवते. बाळाला याने अपाय होईल का, ही शंका प्रत्येकीच्या मनात येते. त्याबाबत इस्रायलमध्ये झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास दिलासा देणारा आहे. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध पोटात गेलेल्या ३,४५८ बाळांची त्यात पाहणी झाली आणि जन्मजात व्यंगांचे प्रमाण इतर बाळांपेक्षा वाढलेले आढळले नाही. म्हणजे बाळाच्या दृष्टीने गोळी बरी आहे. प्रश्न आईचा असतो, आणि तोच नेमका कोणी उच्चारत नाही.

औषधाच्या दुकानाविषयी इथेच लिहायला हवे. दुकानदाराने आख्खी पट्टी न देता कात्रीने कापून सहा गोळ्यांचा तुकडा दिला, तो खाकी पाकिटात टाकला आणि पाकिटावर १-१-१ असे पेनाने लिहिले. त्या तुकड्यावर औषधाच्या नावाची शेवटची चार अक्षरे तेवढी राहिली होती. अंतिम तारीख आणि बॅच क्रमांक दुकानातल्या उरलेल्या अर्ध्या पट्टीवर. खोक्यात कंपनीने घातलेले माहितीपत्रक असले तरी ते खोक्याबरोबर दुकानातच राहते, गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. ‘ही घेतल्यावर काही त्रास होतो का?’ या माझ्या प्रश्नाला ‘काही नाही हो ताई, साधी उलटीची गोळी आहे’ असे उत्तर मिळाले. दुकान स्वच्छ आहे, रात्री उशिरापर्यंत उघडे असते आणि उसने-उधारीलाही माणूस चांगला आहे. पण या एका उत्तरासाठी मी त्याला पाचापैकी एकच गुण देईन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जबडा जड वाटू लागला. आधी वाटले, दिवसभर आवळून धरल्यामुळे असेल. मग जीभ जाड झाल्यासारखी वाटून शब्द ओढल्यागत येऊ लागले, मान आपोआप डावीकडे वळत गेली आणि सरळ करायला गेले की तितक्याच जोराने परत वळायची. सर्वांत भयंकर भाग डोळ्यांचा होता. बुबुळे वर गेली ती वरच राहिली. छताचा कडीपाट आणि पंख्याचा आकडा सोडून मला काही दिसेना. खाली पाहण्याचा प्रयत्न केला की क्षणभर आईचा चेहरा दिसे आणि नजर पुन्हा वर ओढली जाई. या सगळ्या वेळात मी पूर्ण शुद्धीवर होते, खोलीत कोण काय म्हणते आहे ते एकूण एक मला ऐकू येत होते, पण जबडा उघडून ‘मला कळतंय सगळं’ एवढे सांगणेही जमत नव्हते.

घरच्यांनी जे केले ते आपल्याकडे कोणत्याही घरात झाले असते. आईने कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली आणि कोणीतरी दातखीळ बसेल म्हणून तोंडात चमचा घालायला निघाले होते, ते माझ्या भावाने थांबवले. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, झटके. गरोदर बाईला झटके आले म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे भीती दुप्पट होती. ती भीती खोटी नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके खरोखर जीवघेणे असतात. पण ते बहुतेक करून विसाव्या आठवड्यानंतर येतात, त्याआधी रक्तदाब वाढलेला असतो, डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि झटक्यात बाईची शुद्ध हरपते. मला तिसरा महिना होता, रक्तदाब नेहमीसारखा होता आणि शुद्ध तर अगदी लख्ख होती. अर्थात हा फरक रुग्णालयात ओळखायचा असतो, घरी बसून नव्हे. १०८ ला फोन करून ताबडतोब निघणे हेच योग्य होते आणि आम्ही तेच केले.

ज्या छोट्या रुग्णालयात नेले तिथल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना माझे मन पूर्ण गुण देते. त्यांनी रक्तदाब आणि साखर पाहिली, शुद्धीची खात्री केली आणि लगेच विचारले, ‘उलटीची गोळी कोणती चालू आहे?’ भावाने खिशातून तो कापलेला तुकडा काढला. प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात नजर खाली उतरली, मान सैल पडली आणि मला घट्ट झोप लागली. जाग आल्यावर त्यांनी जे समजावून सांगितले ते असे : स्नायूंचा ताण नीट राखण्यासाठी मेंदूत डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन ही दोन द्रव्ये एकमेकांना तोलून धरतात. मेटोक्लोप्रमाइडने डोपामिनची वाट अडवली की दुसऱ्याचे पारडे जड होते आणि मान, जबडा, जीभ, डोळे यांचे स्नायू आपोआप आवळले जातात. प्रोमेथाझिन त्या दुसऱ्या द्रव्याला आवर घालते, म्हणून उतार इतका झटपट पडतो. या प्रकाराला डिस्टोनिया म्हणतात, दिसायला तो भयानक असला तरी बहुधा मागे काही ठेवून जात नाही, आणि प्रोमेथाझिन हे गरोदरपणातील उलट्यांवरही वापरले जाणारे औषध असल्याने त्याच्या एका इंजेक्शनाची धास्ती घेण्याचे कारण नाही. इंजेक्शनाचा अंमल ओसरल्यावर त्रास पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून त्यांनी पुढचे काही दिवस घ्यायची गोळीही दिली. सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा कुठे आईने पाणी प्यायले.

हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे, पण अज्ञात मुळीच नाही. अमेरिकेतील या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात, नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्या ५०० प्रौढांपैकी साधारण एकाला तो होतो, असे छापलेले आहे. बहुतेक वेळा तो पहिल्या २४ ते ४८ तासांत होतो आणि तिशीच्या आतल्या व्यक्तींना अधिक होतो, हेही तिथेच नमूद आहे. आता आपल्याकडे गरोदर बायकांचे वय काय असते, ते पाहा. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली या औषधावर मर्यादा घातल्या : दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि सलग पाच दिवसांहून अधिक नाही. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत याच कारणास्तव ते दुसऱ्या फळीत ठेवले, म्हणजे आधीच्या औषधांनी गुण आला नाही तर मग हे. इंजेक्शनाच्या रूपात देताना ते शिरेत सावकाश सोडायचे असते, कारण घाईने दिले तर काहींना असह्य अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही, जीव घाबरा होतो. प्रोक्लोरपेराझिन हे चक्कर-उलटीवर दिले जाणारे दुसरे लोकप्रिय औषधही याच वाटेने काम करते, तेव्हा एकाने असा त्रास झालेल्या बाईने दुसरे घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तरीही मी या गोळीला नापास करणार नाही. ज्या बाईचे वजन उलट्यांनी उतरत चालले आहे, जिच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही, तिच्यासाठी उलट्या अंगावर काढणे हे औषधापेक्षा जास्त धोक्याचे आहे, आणि बहुतेक जणींना यातले काहीच होणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की ‘मान किंवा डोळे वाकडे होऊ लागले तर गोळी बंद करा, पट्टी घेऊन लगेच या, इंजेक्शनाने जाते’ हे सांगायला लिहून देणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला अर्धे मिनिटही लागले नसते. ते सांगितले असते तर त्रास टळला नसता, हे खरे. पण आईने त्या रात्री मला गेलेलीच धरले होते, ते टळले असते.

डॉक्सिलामिन-पिरिडॉक्सिनच्या गोळीविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, आणि औषधाची याहून मोठी स्तुती ती कोणती! त्यानंतर मला हीच दिली. रात्री झोपताना दोन, गरज पडल्यास दिवसा आणखी. दिवसाची कमाल मर्यादा चार. ही गोळी पोटात उशिरा विरघळेल अशी बनवलेली असते, म्हणून ती फोडून किंवा चावून घ्यायची नाही आणि उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोगही नाही. रात्रीची गोळी सकाळसाठी असते. हिने उलट्या पूर्ण थांबल्या नाहीत, निम्म्यावर आल्या. झोप मात्र इतकी येते की सकाळी दहापर्यंत डोके जड राहते. नोकरीवर जाणाऱ्या आणि विशेषतः स्कूटर चालवणाऱ्या बायकांनी पहिले काही दिवस सांभाळून राहावे. हिचा इतिहास मोठा विचित्र आहे. अमेरिकेत १९५६ पासून विकले जाणारे हे औषध व्यंग निर्माण करते असे दावे न्यायालयांत गेले, आणि अभ्यासांतून तसे काही सिद्ध होत नसतानाही कंपनीने खटल्यांना कंटाळून १९८३ साली ते बाजारातून काढून घेतले. त्यानंतर तिथे उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर बायकांची संख्या वाढली. शेजारच्या कॅनडात ते विकले जातच होते. अमेरिकेत त्याला पुन्हा मान्यता मिळायला २०१३ साल उजाडले. थॅलिडोमाइड या गरोदर बायकांना दिल्या गेलेल्या औषधाने १९६१ च्या आधी बाळांना व्यंगे आणून जो अनर्थ घडवला त्याची धास्ती इतकी खोल होती की, निर्दोष औषधही तिच्या तडाख्यात सापडले. गरोदरपणात ‘कोणतीच गोळी नको’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना मी त्यामुळे हसत नाही. पण त्यांचे प्रत्येक वेळी ऐकावे असेही नाही.

आता लोहाकडे वळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि मी त्याच निम्म्यांतली. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होत्या. त्यांनी शौचाला काळे होते, अगदी डांबरासारखे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला पोटात रक्तस्राव झाला असे वाटावे इतके. पण मला त्याचे काडीचेही भय वाटले नाही, कारण आशाताईंनी गोळ्या हातात देतानाच सांगितले होते, सासूबाईंनी सांगितले होते, जाऊबाईंनीही सांगितले होते. गोळ्यांनी बद्धकोष्ठ मात्र इतके झाले की त्या नियमित घेणे जमेना, आणि सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठच्या खाली आल्यावर डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचे ठरवले. पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. त्यानंतर, गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील, तर देतात.

ते ज्या प्रसूतिगृहात घेतले तिथे बसायला जागा अपुरी आहे, बिलाची रांग आणि औषधाची रांग वेगवेगळ्या मजल्यांवर आहे आणि सातव्या महिन्याच्या पोटाने जिना चढावा लागतो. या गैरसोयींबद्दल मी गुण कापले असते, पण तिथल्या सिस्टरनी ते सगळे भरून काढले. १००० मिलिग्रॅम लोह २५० मिलिलिटर सलाईनमध्ये घालून साधारण पंधरा मिनिटांत सोडतात. गडद चहाच्या रंगाचे ते पाणी नळीतून उतरताना पाहूनच धडकी भरते. नळी जोडण्याआधी सिस्टर माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, चालू केल्यावर तोंड एकदम गरम वाटलं, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखं झालं, तर घाबरायचं नाही. मला हाक मारायची, मी लगेच बंद करते. पाच-दहा मिनिटांत जातं ते. पण श्वासाला घरघर लागली, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर तेही त्याच क्षणी सांगायचं, ते वेगळं असतं. औषधं इथंच ठेवलीत.’ आणि त्यांनी ट्रेमधली सिरिंज दाखवली.

थोड्या वेळाने तसेच झाले. चेहरा तापला, पाठीतून छातीकडे पट्टा आवळत आणावा तसे वाटले, श्वास घ्यायला जड गेले. एरवी छातीत असे दाटून आले असते तर मी किंचाळले असते. त्या क्षणी मला फक्त एवढेच वाटले की, हेच ते, आणि मी हाक मारली. सिस्टरनी चाक फिरवून नळी बंद केली, रक्तदाब मोजला, छाती ऐकायला डॉक्टरांना बोलावले, बाळाचे ठोके पाहिले. सगळे जागेवर होते. काही मिनिटांत आवळ सुटली, मग डॉक्टरांनी तेच सलाईन आधीपेक्षा बरेच हळू पुन्हा सुरू करवले आणि या वेळी ते निर्वेध संपले. असा त्रास शिरेतून लोह घेणाऱ्या काही जणांना होतो, तो बहुधा ॲलर्जी नसतो आणि थांबवल्यावर आपोआप जातो. म्हणूनच जाणकार डॉक्टर अशा वेळी लगेच ॲलर्जीचे इंजेक्शन टोचत नाहीत, कारण त्यानेच रक्तदाब उतरून साध्या प्रकाराला गंभीर रूप येऊ शकते. खरी ॲलर्जी क्वचित होते, पण होते; म्हणून सलाईन संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबवून घेतात. मला थांबवले होते. ‘बरं वाटतंय ना, निघा’ असे जिथे म्हणतात, तिथे हे औषध घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुष्परिणाम झाल्यावर तो नोंदवण्याचीही सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालवला जातो. रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कामकाजाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत चालतो. तो तातडीच्या मदतीसाठी नाही, हे लक्षात घ्यावे. मान वाकडी झालेली असताना तिथे फोन करायचा नसतो. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे, वय, औषध कोणते आणि केव्हा सुरू केले, काय झाले आणि केव्हा थांबले, एवढी माहिती हाताशी असली की काम होते. नाव गुप्त राहते. अशा नोंदी पुढे स्वीडनमधील उप्सला येथील जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राच्या जागतिक संग्रहात जमा होतात. डॉक्टर नोंदवतीलच असे धरून बसू नये; मी नोंदवले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, डिस्टोनिया’ असे लिहून खाली सही व तारीख घातली होती, आणि प्रत्येक भेटीत फाइल उघडताना ते समोर येईल असे पाहा, असे बजावले होते. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटले, कारण उलट्या तर कधीच थांबल्या होत्या. पण सिझेरियनच्या आधी जठर रिकामे राहावे म्हणून हेच औषध इंजेक्शनातून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि माझे सिझेरियन ठरले तेव्हा आधी द्यायच्या औषधांच्या छापील यादीत ते होतेच. भूलतज्ज्ञांनी फाइल चाळली, लाल ओळ वाचली, यादीतल्या त्या नावावर आडवी रेघ मारली आणि बाजूला आपली सही केली.